किती टक्के? अपंग हक्क चळवळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपंग माणसाला अनोळखी लोक साधारण दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे जन्मापासूनच का?" दुसरा, विचारणाऱ्याला सरकारी कामाची थोडी सवय असेल तर, "किती टक्के?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पाठ झालेलं असतं. दुसऱ्याचं, म्हणजे अपंगत्व किती टक्के याचं, खिशातल्या सरकारी कार्डावर छापलेलं असतं. माझ्या कार्डावर ६० आहे. पोलिओ, उजवा पाय, त्याला आधार देणारा कॅलिपर.

खालचे प्रश्न मला कार्यक्रम संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या अपंग डब्यात आणि फोनवर पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे मला गप्प बसता आलेलं नाही असं समजा.

तुम्ही 'दिव्यांग' न म्हणता 'अपंग' का म्हणता?

सवय, आणि थोडा हट्ट. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. चळवळीतल्या अनेकांनी लगेच जाहीर पत्र लिहून विरोध केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं: अपंगत्व ही देवाची देणगी नाही, आणि नाव बदलून जिना उतरता येत नाही. तरी पुढच्याच वर्षी केंद्रातल्या अपंगांच्या विभागाचं हिंदी नाव बदललं आणि मग महाराष्ट्रातही कागदोपत्री 'दिव्यांग' आलं.

माझ्या कॅलिपरला चामड्याचे पट्टे आहेत, दोन लोखंडी पट्ट्या आहेत आणि पावसाळ्यात कुरकुरणारा एक सांधा आहे. त्यात दिव्य काही मला अजून सापडलेलं नाही. पण खेड्यापाड्यांत हा शब्द आवडणारे खूप लोक भेटतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक ताई म्हणतात, "अपंग म्हटलं की लोकांना पांगळी ऐकू येतं. दिव्यांग म्हटलं की निदान 'ताई' म्हणतात." त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ज्याचं शरीर त्याचा शब्द. ऑफिसचं नाव 'दिव्यांग' असेल तिथे मीही तेच लिहितो, नाहीतर अर्ज परत येतो.

संस्था, शाळा, आश्रम तर शंभर वर्षांपासून आहेत. मग चळवळ वेगळी कशी?

शाळा खरंच जुन्या आहेत. अंधांसाठीची देशातली पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकातली. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतलं ते १९४९ मध्ये. या कामांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मी ज्या कार्यशाळेत पहिला कॅलिपर बसवून घेतला तीही देणगीवरच चालायची.

फरक कोण बोलतं यात आहे. संस्थेत अपंग माणूस 'लाभार्थी' असतो. वार्षिक समारंभात तो पहिल्या रांगेत बसतो आणि भाषणं दुसरेच करतात. चळवळीत माईक त्याच्या हातात येतो. भारतात हे आधी अंधांनी केलं. १९७० मध्ये अंधांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. तो अंधांनीच चालवलेला होता आणि त्यांची मागणी थेट नोकरीची होती. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण १९७७ मध्ये आलं, पण फक्त 'क' आणि 'ड' गटांत. म्हणजे अपंगाची झेप कारकून किंवा शिपाई इथपर्यंतच जाणार, हे गृहीत धरून.

मार्च १९८० मध्ये दिल्लीत मोर्चा काढणाऱ्या अंधांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाठी कुठल्या बाजूनं येते हे ज्यांना दिसत नव्हतं, त्यांच्यावर. पुढचं १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं.

हे सगळं अमेरिकेतून आलं, असं म्हणतात. खरं का?

काही अंशी. आधी ब्रिटनचं सांगतो. पॉल हंट लहान वयापासून व्हीलचेअरवर होते आणि त्यांनी बरीच वर्षं संस्थेत काढली होती. १९७२ मध्ये त्यांनी 'गार्डियन' वर्तमानपत्राला एक पत्र पाठवून आपल्यासारख्यांना एकत्र यायचं आवाहन केलं. त्यातून जी संघटना झाली तिनं एक साधी गोष्ट मांडली: माझा पाय लुळा आहे ही एक बाब, आणि पोस्टाला पाच पायऱ्या आहेत ही दुसरी बाब; मला अडवते ती दुसरी. आता हे सगळ्या प्रशिक्षणांत सांगतात, तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं होतं. त्याच १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र सुरू केलं, मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली आणि मुरलीकांत पेटकरांनी जर्मनीतल्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. आपल्याकडे ७२ म्हटलं की दुष्काळच आठवतो.

अमेरिकेतली सगळ्यात रंगतदार गोष्ट १९७७ ची. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी अपंगांशी भेदभाव करायचा नाही, असं एक कलम, ५०४ क्रमांकाचं, १९७३ मध्येच मंजूर झालं होतं. नियमांवर सही मात्र होत नव्हती. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे लोक शिरले आणि परत निघालेच नाहीत. ज्युडिथ ह्यूमन आणि किटी कोन पुढे होत्या. कुणाला रात्री कूस बदलायला माणूस लागायचा, कुणाची औषधं घरी राहिली होती. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातवारे करून बाहेर निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम जेवण पोचवत राहिले. २८ एप्रिलला सही झाली. मला या गोष्टीतलं जेवण फार आवडतं. आपल्याकडे उपोषण करतात. त्यांनी मुक्काम केला.

१२ मार्च १९९० ला अपंग आंदोलक व्हीलचेअर खाली सोडून वॉशिंग्टनच्या संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांचा मोठा कायदा झाला. आपल्या दिल्लीतल्या कार्यकर्त्यांनी हे सगळं वाचलेलं होतं.

भारतातला १९९५ चा कायदा कसा झाला?

घाईत. सगळेच तसं सांगतात.

जावेद अबिदी हे अलीगढचे. त्यांना जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष होता आणि ते व्हीलचेअर वापरायचे. अमेरिकेत पत्रकारिता शिकून ते परत आले आणि राजीव गांधी फाउंडेशनमध्ये अपंगांच्या विभागाचं काम बघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीत त्यांनी आणि इतरांनी अपंग हक्क गट स्थापन केला. नवल म्हणजे तोवर आंधळ्यांची संघटना वेगळी, बहिऱ्यांची वेगळी, पोलिओवाल्यांची वेगळी, आणि सगळ्यांची आपापसांत थोडी कुरबुर. एकाच फलकाखाली सगळे येणं हीच बातमी होती.

१९९५ चं हिवाळी अधिवेशन संपत आलं तरी विधेयक पडूनच होतं. सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या. अधिवेशन संपलं की विधेयक गेलं, हे माहीत असलेले दोनेकशे लोक डिसेंबरच्या थंडीत कुबड्या, पांढऱ्या काठ्या आणि खुर्च्या घेऊन संसदेकडे निघाले. पक्षापक्षांच्या नेत्यांना गाठलं. काही दिवसांतच विधेयक मंजूर झालं. १ जानेवारी १९९६ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि ७ फेब्रुवारीला कायदा लागू झाला. म्हणून नाव १९९५ चं, पण क्रमांक १९९६ चा पहिला.

कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, क्षीणदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. नोकरीत ३ टक्के. अंमलबजावणीची कलमं मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशा शेपटीनं बांधलेली. या शेपटीला धरून पुढची वीस वर्षं कार्यालयं बसून राहिली.

जनगणनेचा आणि चळवळीचा काय संबंध?

सगळ्यात जवळचा. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी कुणी पैसे ठेवत नाही.

इंग्रज १८७२ पासून १९३१ पर्यंत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी मोजत होते. शब्द त्यांचेच. मग मोजणी थांबली. १९८१ मध्ये, आंतरराष्ट्रीय वर्षाच्या निमित्तानं, घरयादीच्या वेळी पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके मोजले गेले. 'पूर्ण' या शब्दाकडे बघा. संपूर्ण देशात आकडा आला सुमारे ११ लाख. १९९१ मध्ये प्रश्नच गायब.

२००१ च्या फॉर्ममध्येही तो नव्हता. त्यासाठी आंदोलनं, पत्रं, मंत्र्यांच्या दारात बसणं, सगळं झालं आणि प्रश्न आला. उत्तर २.१९ कोटी, लोकसंख्येच्या २.१३ टक्के. त्यातले जवळजवळ निम्मे, ४८.५ टक्के, दृष्टीचे. दहा वर्षांनी एकूण २.६८ कोटी, पण दृष्टीचे १८.८ टक्क्यांवर आले. इतक्या लोकांना दहा वर्षांत दिसायला लागलं असं नाही. व्याख्या आणि प्रश्न बदलले होते. जागतिक आरोग्य संघटना सहा माणसांमागे एक म्हणते. आपण पन्नासांमागे एक. आपल्याकडे माणसं इतकी धडधाकट असती तर एसटीच्या पायरीवर रोज इतका खोळंबा झाला नसता.

घरचेही लपवतात. बहिणीचं लग्न व्हायचंय, मोठ्याला नोकरी लागायचीय; दारात आलेल्या शिक्षिकेला "आमच्याकडे असं कुणी नाही" म्हणून सांगून मोकळे होतात. मागच्या खोलीत कुणीतरी ते ऐकत असतं.

४० टक्के हा आकडा कुठून आला? टक्के मोजतात कसे?

४० ही कायद्यानं घातलेली वेस आहे. ४० किंवा त्याहून जास्त असाल तर आरक्षण, सवलत, पेन्शन. ३९ असाल तर शुभेच्छा.

मोजण्याचे सरकारी निकष राजपत्रात छापलेले असतात. सांधा किती अंशात वाकतो, स्नायूंत किती जोर आहे, कानाला किती डेसिबलला ऐकू येतं, यांचे तक्ते असतात. एकाच माणसात दोन अपंगत्वं असतील तर बेरीज करत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (नव्वद वजा मोठा आकडा) भागिले नव्वद. म्हणजे ६० आणि ३० मिळून ९० न होता ७० होतात. शाळेत गणितात नापास झालेल्या माझ्या एका मित्राला हे एवढंच सूत्र पाठ आहे.

एका डोळ्यानं अजिबात दिसत नसेल आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्के. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं आपण म्हणतो. देवानं मागितला तेवढाच दिला असता तर टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळानं दाखला नाकारला असता.

माझी स्वतःची तपासणी एका सरकारी रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर झाली. लिफ्ट बंद होती. जिना चढून वर पोचलो तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "चढलात की!" आणि मला भीती वाटली की आता दहा टक्के कापतील. ही भीती प्रत्येक अपंगाला ओळखीची आहे. मंडळासमोर थोडं जास्त लंगडायचं की रोजचंच चालायचं? दाखल्याच्या दिवशी आम्ही सगळेच नट असतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात बोगस दाखल्याचा आरोप असलेलं एक प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर खऱ्या अपंगांकडेही लोक डोळे बारीक करून बघू लागले. बोगस दाखले आहेतच, नाकारत नाही. पण मोजणीची यंत्रणा एकीकडे चोराला पास करते आणि दुसरीकडे एकडोळ्या सुताराला परत पाठवते, याचा राग आधी यंत्रणेवर यायला हवा.

सातचे एकवीस प्रकार कसे झाले?

१३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या मसुद्यावर जगभरातल्या अपंग संघटना स्वतः बसल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांच्या तोंडची 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको' ही घोषणा तेव्हा सगळीकडे ऐकू आली. भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला करार मान्य केला. मग जुना कायदा बदलणं भाग होतं.

तरी नऊ वर्षं लागली. नव्या कायद्यासाठी नेमलेल्या सुधा कौल समितीनं मसुदा दिला, तो पातळ झाला, २०१४ मध्ये विधेयक आलं, त्यावर चळवळीतच दोन तट पडले: 'आहे ते घ्या' आणि 'हे नको'. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये संसदेनं ते दुरुस्त्यांसह मंजूर केलं. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आता २१ प्रकार: स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्ती वगैरे. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण पाहता हे नाव यादीत येणं मोठं होतं, पण सिकलसेलला नोकरीतल्या आरक्षणाच्या गटांत जागा नाही. यादीत आहात, रांगेत नाही.

आता आरक्षण किती?

सरकारी नोकरीत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के. जुन्या कायद्यातले ३ टक्के कशाचे मोजायचे यावरच इतकी टोलवाटोलवी झाली की २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: एकूण पदांच्या, सर्व गटांत.

न्यायालयात जाऊन खरंच काही मिळालं का?

मिळालं, आणि दर वेळी एका माणसाच्या झिजण्यातून मिळालं.

१९९३ मध्ये अंध महासंघाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अंधांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देण्याची मुभा दिली. १९९८ मध्ये अबिदी यांच्या याचिकेवर विमानात चढण्याच्या सोयींचा आणि भाडेसवलतीचा निकाल आला. ती सवलत ८० टक्क्यांच्या वरच्यांनाच. पुन्हा टक्के.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असतो. मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेनं, म्हणजे पूर्वीच्या स्पॅस्टिक्स सोसायटीनं, गोव्यात भरवलेल्या अपंग हक्कांवरच्याच परिषदेत त्यांना बोलायचं होतं. विमानात बसल्यावर त्यांना उतरवलं गेलं. १२ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं १० लाखांची भरपाई द्यायला लावली. चार वर्षं लागली, आणि परिषद तर हुकलीच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ११ फेब्रुवारी २०२१ चा विकाश कुमार निकाल. लिहिताना त्यांच्या हाताला गोळे येतात. ४० टक्क्यांची अट ते पूर्ण करत नाहीत म्हणून लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, लेखनिक हा आरक्षणासारखा लाभ नाही, ती वाजवी सोय आहे, आणि तिला ४० ची वेस लावता येणार नाही. टक्क्यांच्या भिंतीला पडलेलं हे पहिलं मोठं भगदाड. पुढे २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की नुसता आकडा जास्त आहे म्हणून कुणाला डॉक्टर होण्यापासून अडवता येणार नाही. तो काम करू शकतो का हे बघा. म्हणजे कमी टक्क्यांनी सोय मिळत नव्हती आणि जास्त टक्क्यांनी प्रवेश.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी प्रकरणात सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सोयी अपंगांना वापरता येण्याचे, नियम 'मार्गदर्शक' न ठेवता बंधनकारक करा, असं सांगितलं गेलं. आमच्या गावातल्या नव्या इमारतीचा उतार बघितला तर तो बंधनकारक घसरगुंडीसारखा आहे, पण ते असो.

ताजमहालासारख्या ठिकाणी उतार कधीपासून दिसायला लागले?

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. आधी मुंबईत परिषद, मग दिल्ली. त्यांना ऐतिहासिक वास्तू बघायच्या होत्या आणि तिथे व्हीलचेअर जाईना. अबिदींनी पुरातत्त्व खात्यामागे लकडा लावला आणि कुतुबमिनार, जंतरमंतरसारख्या ठिकाणी तात्पुरते लाकडी उतार बसले. तेव्हापासून हा विषय मागे हटला नाही. एका पाहुण्यासाठी जे काही दिवसांत होतं ते इथल्या लाखो लोकांसाठी पन्नास वर्षांत झालं नव्हतं.

मानसिक आजार असलेले या चळवळीत कुठे बसतात?

बराच काळ दाराबाहेर. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत एका दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आसऱ्याला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीला स्पष्ट मनाई आहे.

महाराष्ट्रानंही आपलं पान उलटून बघावं. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. कारण पाळीच्या वेळची स्वच्छता. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या थांबल्या. अपंग चळवळ तेव्हा बहुतेक पुरुषांची होती आणि त्यातले बरेच जण गप्प होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

'मूकबधिर' म्हणायचं नाही का?

नको. कर्णबधिर म्हणा. ते मुके नसतात, त्यांची भाषा हातांत असते.

१८८० मध्ये मिलान शहरात भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं ठरवलं की बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. जगभरच्या शाळांत मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या. आपल्याकडेही कित्येक शाळांत वर्गात ओठ वाचायचे आणि मधल्या सुट्टीत, बाईंची पाठ वळली की, खरी शाळा भरायची. भारतीय सांकेतिक भाषा अशी संडासाच्या मागे आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात जगली. तिचं व्याकरण मराठीचं नाही आणि हिंदीचंही नाही, त्यामुळे अकोल्याचा कर्णबधिर मुलगा गुवाहाटीच्या मुलाशी तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर गप्पा मारू लागतो. तिच्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत झालं, त्यांच्या शब्दकोशात आता १० हजार नोंदी आहेत.

अनेक कर्णबधिर स्वतःला अपंग मानतच नाहीत. भाषिक अल्पसंख्य मानतात. मला हे आधी पटत नव्हतं. मग एकदा मी त्यांच्या संमेलनात गेलो. चारशे लोक, हास्याचा धबधबा, आणि मांडवात एकटा मीच असा की ज्याला काही कळत नव्हतं.

अपंगांची म्हणून काही संस्कृती असते का, की फक्त तक्रारी?

मराठीत तर ती फार जुनी आहे, फक्त ती दुसऱ्यांनी लिहिलेली आहे. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं', 'वासरांत लंगडी गाय शहाणी' या म्हणी आणि आंधळी कोशिंबीर, लंगडी हे खेळ बघा. लंगडीत मी गल्लीत अजिंक्य होतो, एवढं नोंदवून ठेवतो. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका सगळे येतात. तिथे ते परमार्थ न कळलेल्या धडधाकट माणसाचं रूपक आहेत. भारूड मला आवडतं, पण खऱ्या पांगळ्यानं ते ऐकताना कुठे बघायचं?

माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच ते वारले, पण मागे शंभराहून जास्त ग्रंथ ठेवून. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. 'दिव्यांग'चा हा जुना अवतारच. फरक इतकाच की ही पदवी त्यांनी लिहून कमावली.

आपण स्वतः सांगितलेली गोष्ट उशिरा आली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ते एका बैठकीत वाचलं आणि मग आईला वाचायला दिलं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. अंध माणसाला बातमी दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता, दुसऱ्यानं गाळलेल्या ओळींसह, स्वतःच्या बोटांनी वाचता येणं यात काय आहे ते रोजचा पेपर दारात पडणाऱ्याला कळणं कठीण.

पेटकरांचं मघाशी अर्धवट राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मग पोहायला लागले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलंच. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षं आपण काय करत होतो कोण जाणे.

विनोदाचं म्हणाल तर आम्ही आपसांत जे विनोद करतो ते इथे छापता येणार नाहीत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांतल्या चित्रणावर बोलताना अपंगत्व समजावणारा विनोद आणि अपंगांना खाली ढकलणारा विनोद असा भेद केला. नाटकातल्या बोबड्या नोकराचं पात्र कुठल्या रकान्यात जातं ते तुम्हीच ठरवा. आणि जानेवारी २०२३ पासून पणजीत 'पर्पल फेस्ट' हा अपंगांचा महोत्सव भरायला लागला आहे. मला जत्रेतली गर्दी झेपत नाही, पण जिथे कॅलिपर बघून कुणी वळून बघत नाही अशी गर्दी असते, हे ऐकून एकदा जायचं आहे.

महाराष्ट्रात सध्या प्रत्यक्षात काय मिळतं?

३ डिसेंबर २०२२ ला राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्चायचे असा नियम आहे. आपल्या ग्रामसभेत 'मागच्या वर्षीचे ५ टक्के कशावर खर्च झाले' एवढंच उभं राहून विचारा. (उभं राहता येत नसेल तर बसून.) केंद्राची अपंग पेन्शन महिन्याला ३०० रुपये आहे, तीही ८० टक्क्यांच्या वर असाल आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तरच. राज्याची संजय गांधी निराधार योजना त्याहून बरी.

पुढच्या जनगणनेत काय करायचं?

तिची संदर्भ तारीख बहुतेक राज्यांसाठी १ मार्च २०२७ आहे. मागची मोजणी झाली तेव्हा कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. आणि मधल्या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून अपंगत्वाचा प्रश्न वगळला गेला. त्यामुळे हीच मोजणी आपल्या हातात आहे.

दाखला नसला तरी सांगता येतं. प्रगणक कार्ड मागत नाही, टक्के विचारत नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना, अक्षरं उलटी दिसणाऱ्या मुलीला, एका डोळ्याच्या काकांना त्या दिवशी घरी थांबवा, आणि प्रश्न आला की उत्तर त्यांना स्वतःला देऊ द्या. मागच्या खोलीतल्यालाही बाहेर आणा.